सूचक साडू, अनुमोदक मी

माझ्या साडूला आवाज आहे. आवाज तसा मलाही आहे, पण माझा आवाज ऐकून लोक "काय म्हणालात?" असं विचारतात आणि त्याचा ऐकून गप्प बसतात. शिवाय त्याला उंची आहे, डोक्यावर भरपूर केस आहेत, आणि काहीही माहीत नसताना सगळं माहीत असल्यासारखी मान हलवायची कला आहे. तो ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शेजारी बसून दुसऱ्यावर हुकूम सोडायचे आणि वेळ आली की आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबायचा, हाच ज्याचा धंदा, त्याला आत्मविश्वास असणारच. माझं चष्म्याचं दुकान आहे. मी दिवसभर लोकांना "आता नीट दिसतंय का? आणि आता?" असं विचारत असतो. अशाने माणूस नम्र होतो, पुढारी होत नाही.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात माझ्या मनात तत्त्व होतं, पक्षनिष्ठा होती आणि जळफळाट होता. कशाचं प्रमाण किती, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

आमच्या पक्षात वॉर्डाचा अध्यक्ष निवडायची एक पद्धत आहे. म्हणजे आम्ही निवडत नाही. प्रदेश कार्यालयातून एक बंद पाकीट येतं. वॉर्डातले सगळे सभासद जमतात, पाकीट फोडतात, आतलं नाव मोठ्याने वाचतात आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. याला 'एकमत' म्हणतात. मी उभी हयात अशा टाळ्या वाजवण्यात घालवली. एकदा वाचणाऱ्याला चष्मा सापडेना, तेव्हा तर आम्ही नाव कळायच्या आधीच टाळ्या वाजवून मोकळे झालो होतो.

यंदा पाकिटातून सरचिटणिसांचे मेहुणे निघाले. ते आमच्या वॉर्डात राहत नाहीत, राहण्याचा त्यांचा विचारही नाही. आमच्या बागेतल्या नव्या बाकाचं उद्घाटन करायला आले ते वाट चुकून शेजारच्या वॉर्डात गेले आणि तिथल्या जुन्या बाकाचं उद्घाटन करून परतले, तेही त्यावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांना उठवून. तेव्हापासून आम्ही त्यांना 'पाहुणे' म्हणतो. आमच्या गल्लीतलं गटार तुंबलं, माझ्या दुकानापुढे तळं साचलं, पलीकडच्या शिवणवाल्या मावशींच्या घरात पाणी शिरून गिऱ्हाइकांचे कपडे भिजले. आम्ही तक्रार घेऊन पाहुण्यांकडे गेलो. त्यांनी चहा पाजला आणि आपुलकीने विचारलं, "कुठली गल्ली म्हणालात?"

मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "हा माणूस आपण निवडलाय का? मग आपण टाळ्या कशाला वाजवल्या?"

मला त्या प्रश्नाने झोप लागेना. शेवटी दुकानात गिऱ्हाईक नसताना मी एक सूचना लिहून काढली. पक्षाच्या घटनेत दुरुस्ती करावी आणि वॉर्डाचा अध्यक्ष वॉर्डातल्या सभासदांनी मतदानाने निवडावा. बस्स, इतकंच. प्रदेश अधिवेशनात ही सूचना मंजूर झाली की पाकीट बंद. ही कल्पना माझी. हे वाक्य मी पुन्हा लिहितो, कारण नंतर ते कुणी लिहिलं नाही: ही कल्पना माझी.

आता, सूचना लिहिणं सोपं असतं, ती शेजाऱ्यांना दाखवणं अवघड. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "मसुदा बरा आहे, पण यात आधी पक्षाचा इतिहास यायला हवा." न्हावी म्हणाला, "इतिहास नको, शिव्या पाहिजेत. थोड्याच, पण पाहिजेत." मावशी म्हणाल्या, "गटाराचं घाला की त्यात." मी समजावलं, की मावशी, घटनेत गटार घालता येत नाही. त्या म्हणाल्या, "मग घटना काय कामाची?"

आणि मग वाचनालयाच्या खोलीत वॉर्डाची सभा झाली. मी सूचना वाचून दाखवली. माझ्या मते बरी वाचली. मुख्याध्यापक पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकत होते, निदान मला तरी तसं वाटलं. मागून न्हावी ओरडला, "ऐकू येत नाहीये! जरा त्यांना वाचायला द्या की!"

'त्यांना' म्हणजे साडूला. हा गृहस्थ पक्षात नुकताच आलेला. का आला, तर माझ्या सासूबाई त्याला म्हणाल्या होत्या, "तुमच्यासारखा माणूस राजकारणात शोभून दिसेल." मी त्याच राजकारणात त्यांच्या डोळ्यांदेखत केस पांढरे केले, पण मी शोभत होतो की नाही हा विषय त्यांनी कधी काढला नाही. असो. साडू उठला, कागद हातात घेतला, एक क्षण थांबला आणि वाचू लागला. तीच वाक्यं. स्वल्पविरामसुद्धा माझे. पण खोलीतले लोक ताठ बसले. मुख्याध्यापक जागे झाले. वाचून झाल्यावर ज्या टाळ्या पडल्या, त्या पाकिटाला कधी मिळाल्या नव्हत्या. मावशींनी तर डोळे पुसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिथेच ठरलं. अधिवेशनात प्रत्येक सूचनेला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. सूचकाने सूचना मांडायची, भाषण करायचं, टाळ्या घ्यायच्या. अनुमोदकाने उभं राहून "अनुमोदन" एवढा एक शब्द म्हणायचा आणि खाली बसायचं. सूचक साडू झाला.

"दादा, अनुमोदक मात्र तुम्हीच पाहिजे," साडू माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. त्याचा हात जड आहे. "तुमच्याशिवाय या सूचनेला वजन नाही."

वॉर्डाला तीन प्रतिनिधी मिळतात, त्यातली एक जागा महिलेची. ती माझ्या बायकोला मिळाली. तिने त्याच दिवशी घरी येऊन आम्हा दोघांना बजावलं, "मी येईन, खुर्चीवर बसेन. पण तुमच्या दोघांच्यात मला ओढायचं नाही. मी तोंड उघडणार नाही."

"आमच्या दोघांच्यात काय आहे?" मी विचारलं.

"ते मला नका विचारू," ती म्हणाली, आणि साडूला आणखी एक कप चहा दिला. मला विचारलंही नाही.

पुढची पायरी कार्यालयाची. तिथले कार्यालयीन चिटणीस कागद वाचून म्हणाले, "उत्तम. पण सूचना वॉर्ड अध्यक्षांमार्फत आली पाहिजे. त्यांची सही आणा."

"अहो, पण सूचना त्यांनाच काढण्याबद्दल आहे."

"म्हणूनच त्यांना माहीत असायला नको का?"

मी पाहुण्यांकडे खेटे घातले. कधी ते झोपलेले असत, कधी बाहेर गेलेले, आणि एकदा तर त्यांनी स्वतः दार उघडून "साहेब घरी नाहीत" असं सांगितलं. मी हात टेकले. आणि एका सकाळी साडू दुकानात शिरला, काउंटरवर कागद ठेवला. त्यावर पाहुण्यांची सही. झालं असं, की पाहुण्यांच्या बायकोने त्याच्याकडे गाडी शिकायला नाव घातलं होतं. पाहुणे हौसेने मागच्या सीटवर बसले. चौकात समोरून ट्रक येत असताना साडूने कागद मागे सरकवला आणि म्हणाला, "जरा इथे सही करता?" पाहुण्यांची नजर ट्रकवरून हलली नाही. अक्षर थोडं थरथरलंय, पण सही त्यांचीच.

दुकानात उभी असलेली गिऱ्हाइकं हसून हसून बेजार झाली. मीही हसलो. हसताना किती दात दिसतात याचं मला भान होतं.

अधिवेशनाला आम्ही मिनीबसने गेलो. गटाराला कंटाळलेली आमची सगळी गल्ली प्रेक्षक म्हणून सोबत. साडू वाटभर "माझी सूचना" म्हणत होता. सुरुवातीला "आपली सूचना" होती, टोलनाक्यापर्यंत "आमची", आणि शहर दिसायला लागलं तशी "माझी". मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

सभागृह प्रचंड. व्यासपीठ माणसाच्या छातीएवढं उंच आणि त्यावर खुर्च्यांच्या दोन रांगा: पुढे गादीच्या, मागे प्लॅस्टिकच्या. समोर चढायला जिना असतो, तो या वेळी काढून ठेवला होता. इतर वॉर्डांतूनही आमच्यासारखी नाराज मंडळी आली होती आणि ती वर चढतील अशी वरच्यांना धास्ती होती. वर जायचं तर मागच्या दाराने, तेही ओळख असेल तर.

आम्ही जागा धरून बसतो न बसतो तोच एक स्वयंसेवक आला. "चष्मेवाले साहेब आपणच का? सरचिटणीस आठवण काढताहेत."

सरचिटणीस म्हणजे पाकिटाचे जनक. त्यांनी मला मागच्या खोलीत बसवलं, स्वतः उठून पंखा माझ्याकडे वळवला. हळू आवाजाचा माणूस. इतका हळू, की मला पहिल्या भेटीतच जवळचा वाटला.

"सूचना वाचली," ते म्हणाले. "सुंदर बांधणी. अशी भाषा आता कोण लिहितं? आपण लिहिलीत ना?"

"हो," मी म्हणालो. मी खुर्चीत सरसावून बसलो.

"मग मांडताहेत ते दुसरेच कसे?" त्यांनी नुसतं विचारलं आणि चहाचा घोट घेतला. जखमेवर मीठ असं चिमटीने टाकणारा माणूस मी पाहिला नव्हता. "कालची माणसं भाव खाऊन जातात आणि जुनी माणसं खाली बसतात. मला बघवत नाही. आपण वर या. आपली जागा व्यासपीठावर आहे."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण व्यासपीठावरची खुर्ची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पक्ष आला नाही, गटार आलं नाही. आली ती साडूची मान. ती वर करून त्याला माझ्याकडे बघावं लागेल! माझ्या छातीवर रेशमी फीत लावली गेली आणि मी मागच्या दाराने वर गेलो.

खुर्ची दुसऱ्या रांगेतली होती, अगदी टोकाची. समोर फुलांची एवढी मोठी परडी होती, की मला सभागृह दिसायला पानं बाजूला करावी लागत. म्हणजे सभागृहाला मी दिसत नव्हतोच. एकदाच दोन पानांमधून साडूची नजर माझ्यावर पडली. तो चकित झाला, मग त्याने खालून हात हलवला. त्याचा चेहरा आनंदी होता. मला त्याचा आणखीच राग आला.

आमची सूचना आली. साडू माइककडे गेला, एक क्षण थांबला आणि बोलू लागला. तुंबलेलं गटार, पाण्यात भिजलेले मावशींकडचे कपडे, चुकलेला बाक, बंद पाकीट. लोक हसले, मग गप्प झाले, मग मागच्या बाजूने आरोळ्या सुरू झाल्या. पाकीट कुणाच्या वॉर्डात गेलं नव्हतं? सगळ्यांचं दुखणं एकच. खरं म्हणजे त्याने तिथेच थांबायला हवं होतं. पण टाळ्या चढल्या आणि गडी थांबेना. त्याने लोकशाही काढली, पूर्वज काढले, पुढची पिढी काढली, गाडीच्या चार चाकांचा दृष्टांत दिला आणि एकेका चाकाला नाव दिलं. चौथ्या चाकाशी आलं तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत होते.

शेवटी एकदाचा तो थांबला. पक्षाध्यक्ष पुढे वाकले. "अनुमोदक कोण?"

मी हात वर केला. परडीच्याही वर केला.

अध्यक्षांनी वळून पाहिलं, मग सरचिटणिसांकडे पाहिलं. सरचिटणीस नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "व्यासपीठावरच्या मान्यवरांना अनुमोदन देता येत नाही. ते सभागृहातल्या प्रतिनिधीनेच द्यायचं, आणि तेही सूचकाच्याच वॉर्डातल्या. नियम आहे." मग माझ्याकडे बघून गोड हसले.

आमच्या वॉर्डाचे प्रतिनिधी तीन. एक सूचक. एक मी, फीत लावून खुर्चीत. आणि तिसरी तोंड न उघडण्याची शपथ घेतलेली.

"दुसऱ्यांदा विचारतो. अनुमोदक कोण?" तीनदा विचारायचं, कुणी उठलं नाही तर सूचना बाद, अशी रीत. सभागृह माना वळवून शोधत होतं. साडू माइकपाशी तसाच उभा. गॅलरीत मावशी कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता सांगायला हवं, की त्या क्षणी माझ्या मनात त्यांचा विचार आला. आला, पण उठलो नाही. पाय खुर्चीला चिकटले होते. उतरायचं म्हणजे सगळ्यांदेखत आपण फसलो हे कबूल करायचं, आणि तेही साडूच्या सूचनेसाठी.

तेवढ्यात पानांमधून मला दिसलं. माझी बायको उभी राहत होती.

माझी बायको! जी माझ्यासाठी बँकेतसुद्धा रांगेत उभी राहत नाही, ती शपथ मोडून, भरसभेत, साडूसाठी उभी राहत होती! सूचकपद गेलं, टाळ्या गेल्या, सासूबाई तर कधीच त्याच्या बाजूला गेल्या होत्या. आता अनुमोदनाचा एक शब्द उरला होता, तोही माझ्याच घरातून त्याला जाणार?

मी उठलो. फीत ओढून काढली, ती शेजारच्या घोरणाऱ्या गृहस्थांच्या मांडीवर टाकली. परडी लवंडली. पुढच्या रांगेतल्या दोन माजी मंत्र्यांच्या गुडघ्यांमधून वाट काढत मी कडेपर्यंत आलो. जिना नव्हता. मागच्या दाराला वेळ नव्हता. मी सभागृहाकडे पाठ केली, पोटावर पालथा झालो आणि पाय खाली सोडले.

पाय पोचेनात. एक बूट मात्र निसटून खाली पोचला.

"तिसऱ्यांदा विचारतो..."

"अनुमोदन!" मी लोंबकळत ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

सरचिटणीस कडेला येऊन माझ्याकडे वाकून बघत म्हणाले, "आपण अजून व्यासपीठावर आहात."

"पाय खाली आहेत!"

"टेकलेले नाहीत."

अध्यक्षांनी चष्मा पुसून माझ्या पायांची पाहणी केली आणि म्हणाले, "टेकलेले नाहीत, हे खरं आहे." त्यावर सभागृहात वाद पेटला. अर्धे लोक "टेकले! टेकले!" ओरडत होते, अर्धे "उतरवा त्यांना!" मला पोटावर खाली सरकता येईना, परत वर चढता येईना. इतक्यात कुणीतरी मागून माझे दोन्ही पाय गुडघ्यापाशी घट्ट धरले आणि मला लहान मुलासारखं अलगद खाली ठेवलं. तो हात मी ओळखला. जड आहे.

"म्हणा दादा," साडू माझ्या कानात म्हणाला.

एका पायात बूट, एका पायात मोजा, शर्टाचं एक बटण गेलेलं. मी म्हणालो, "अनुमोदन."

आणि मग मागून कोण ओरडलं कोण जाणे, "खुर्ची सोडून आला! खुर्चीवर लाथ मारून आला!" सभागृह उठलं. वर बसलेला माणूस आपणहून खाली आलाय, हे त्या पक्षात कुणी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांनी मत विचारलं तेव्हा समोर हातांचं रान माजलं, आणि प्लॅस्टिकच्या रांगेतलेही काही हात वर गेले. पाकीट बंद झालं. मावशी गॅलरीत रडत होत्या आणि न्हाव्याने अखेर त्याच्या त्या थोड्याशा शिव्या देऊन घेतल्या.

परतीच्या मिनीबसमध्ये सगळे दमून पेंगत होते. साडू माझ्या पुढच्या सीटवर होता. त्याने मागे वळून, एरवी न वापरलेल्या हळू आवाजात म्हटलं, "दादा, एक सांगू? मला जमलं नसतं. त्यांनी मला वर बोलावलं असतं तर मी उतरलो नसतो. कसा उतरणार? तुम्ही सूचना लिहिलीत, ती मला दिलीत, आणि वरून खुर्चीही सोडलीत. कधी कधी फार हेवा वाटतो तुमचा."

एवढी वर्षं ज्या गोष्टीवर माझा एकट्याचा हक्क होता, ती हेव्याची गोष्टसुद्धा या माणसाने घेतली आणि माझ्यापेक्षा किती सहज निभावली! तो पुढे वळून बसला. मी बायकोकडे झुकलो.

"तू उठलीस, हे काही मला आवडलं नाही," मी कुजबुजलो.

"कुठे उठले?"

"त्याला अनुमोदन द्यायला. मी पाहिलं ना वरून."

"अनुमोदन? अहो, पायाला मुंग्या आल्या होत्या मला! ते चाकांचं किती वेळ चाललं होतं! पाय झटकायला उभी राहिले. मी सांगितलं होतं ना, तोंड उघडणार नाही म्हणून?"

"म्हणजे मी उतरलो नसतो तर..."

"तर बाद झाली असती." मग तिला उमगलं. मी कशासाठी उतरलो, ते सगळं एका क्षणात उमगलं. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसू आवरेना, तेव्हा डोकं समोरच्या सीटवर टेकून हसली. ती सीट साडूची.

साडू चटकन वळला. "काय झालं, ताई?"

मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांनी होती तेवढी सगळी गयावया केली. तिने डोळे पुसले, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "काही नाही. हे तुमच्या भाषणाचं कौतुक करत होते."

साडूचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढा मोठा माणूस सीटवर गुडघे टेकून पूर्ण मागे वळला, सीटच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. "खरंच, दादा? तुम्हाला आवडलं?"

मला तेव्हा कळलं, की तो हे किती दिवस ऐकायची वाट बघत होता. मी घसा साफ केला.

"चांगलं झालं," मी म्हणालो. "फक्त शेवट जरा लांबला."